बाबांची फ्रान्सची तयारी

मंडळी, सकाळपासून मन खातंय, म्हणून इथे लिहितेय.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे अबू धाबीत असतात. हल्ली जेवताना माझा एकच विषय असतो: फ्रान्समधल्या डोंगराळ खेड्यांतल्या खडीच्या वाटा, जिथे गाड्याच येत नाहीत. मैत्रिणींबरोबर मी तिथे सायकलिंगला जाणार आहे.

आज सरावाला खोर फक्कानजवळच्या डोंगरात गेले. बाबाही माझी जुनी सायकल घेऊन आले. मला वाटलं, जरा फिरतील. पण चढावर ते माझ्या मागेच येत राहिले. मीही "यल्ला बाबा, चला!" म्हणत वेग वाढवला.

वर पोचून वळून पाहिलं, तर बाबा खडीवर बसून उलटी करत होते.

मी धावत खाली गेले. "एवढं कशाला दमायचं, बाबा?"

तोंड पुसत ते म्हणाले, "तिकडे चढ आहेत म्हणालीस ना? माझ्यामुळे तुम्हा मुलींना थांबायला लागू नये."

फ्रान्सला मी त्यांना बोलावलंच नव्हतं. पण सांगवेना. पाणी दिलं आणि म्हटलं, "आपण सावकाश जाऊ."

आता ते आत झोपलेत. मैत्रिणींना अजून काहीच सांगितलं नाहीये.

तुम्ही काय केलं असतं?