तिच्या वाटचा अंगठा

मुलगी दिसत नाही, हे सांगायला तिची आई ठाण्यात आली, तो बाजाराचा दिवस होता. त्या प्रकरणाचे कागद केव्हाच बंद झाले. माझ्याकडून ते बंद होत नाही.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या काही शिक्क्यांवर अजून परभणीच होतं. बाई मेंढरं राखणारी, पालात राहणारी. मुलगी जवळच्याच गावात दिलेली. दिवाळीपासून भेट नाही. आई भेटायला गेली की सासू सांगे, शेतात गेली, बैठकीला गेली.

त्या गावात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी एक महिला मंडळ चालत असे. त्याला मुंबईच्या एका संस्थेचं अनुदान होतं. अट अशी की दर गुरुवारी बैठक, किमान वीस बायका, आणि प्रत्येकीचा हजेरीवर अंगठा. मी जमादारांना पाठवून वही पाहायला लावली. मुलीचा अंगठा दर गुरुवारी होता. मी आईला सांगितलं, मुलगी सुखरूप आहे, आणि अर्ज दप्तरी दाखल केला.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. "साहेब, वहीत हाय म्हन्ता. मंग मला काहून दिसून न्हाई राहिली?"

गुरुवारी मी स्वतः गेलो आणि समाजमंदिराच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. आत कार्यकर्ती नावं वाचत होती. मुलीचं नाव आलं. "हाय," असं उत्तर आलं. पुढचं नाव सासूचं; वीस भरायला तीही मंडळात होती. "हाय." आवाज तोच होता. कुणी मान वर केली नाही. बायका दाटीने बसल्या होत्या, तरी भिंतीजवळ एका बाईपुरती जागा रिकामी होती. वही हातोहात फिरली, ती त्या जागेला वळसा घालून.

ठाण्यात वही भिंगाखाली धरली. सासूच्या ठशात विळ्याच्या जुन्या जखमेची आडवी रेघ होती. दिवाळीनंतर काही गुरुवारांनी तीच रेघ सुनेच्या नावापुढेही सुरू झाली होती.

"सून सासूवर गेली म्हनायची," जमादार म्हणाले, आणि त्यांनी भिंग खाली ठेवलं.

कार्यकर्तीला बोलावलं. ती लपवत नव्हती. "सासू म्हनली, पोरीला ताप हाय, तिच्या वाटचा मी लावते. एकोणीस भरल्या असत्या तर अनुदान थांबलं असतं, साहेब. मार खाऊन बारा गावच्या बायका येतात आमच्याकडं."

"किती गुरुवार?"

ती बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"आणि ती रिकामी जागा?"

"तिथं कुनी बसत न्हाई. कुनी सांगितलं न्हाई. पन बसत न्हाई."

सासूला दुपारभर महिला शिपायासमोर बसवलं. चहा दिला तेव्हा म्हणाली, "तेवढे दोन वाफे राहू द्या, साहेब."

शेताचा विषय आम्ही काढलाच नव्हता.

शेतातली हळद काढून झाली होती. मधले दोन वाफे तेवढे तसेच होते, वाळला पाला उभा. नायब तहसीलदार आणि पंचांसमोर खणलं. मुलगी तिथे होती. नवऱ्याने मारलं होतं, सासूने झाकलं होतं. दोघांना शिक्षा झाली.

दोषारोपपत्राआधी कार्यकर्ती आली होती. "हजेरीचं तेवढं लिहू नका." मी लिहिलं. अनुदान थांबलं, मंडळाला कुलूप लागलं. बारा गावांतल्या बायकांना आमचं ठाणं तेवढं उरलं, आणि ठाण्यात फार थोड्या आल्या. कार्यकर्तीने अंगठा मोजला, बाई पाहिली नाही. आई समोर उभी असताना मीही तेच केलं. तिचं मंडळ बंद झालं. मला बढती मिळाली.

मुलीचा एकही फोटो नव्हता. वहीवर वाकून आईने विचारलं, "यातला तिचा खरा कोनता?" शेवटचा खरा ठसा मी दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं. वही न्यायालयात जमा व्हायची होती, म्हणून त्या पानाची झेरॉक्स तिला दिली. तिने ती परत केली. "पालात भिजंल. तुमच्याजवळ ठिवा. मी येऊन पाहात जाईन."

माझी बदली होईपर्यंत ती दर बाजाराला येत होती. ती वारल्याचं मला फार उशिरा कळलं.

झेरॉक्स माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. ठसा आता फिका झाला आहे.