मुआयन्यासाठी उसनी घेतलेली पोरं

ही गोष्ट मी घरातसुद्धा काढली नाही. विषय निघाला की बदलायचो. त्यात मी तरबेज आहे. पण लोक अजून मला ‘हिंगोलीचे नामी इंग्रजी मास्तर’ म्हणतात. ते आता ऐकवत नाही.

निजामी अमदानीतली सरकारी मिडल स्कूल. दुसऱ्या दिवशी मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी. सहावीचे दोन वर्ग: एक माझा, दुसरा युसूफ मास्तरांचा. मी कायम, ते हंगामी. वर्ग बरा दिसला तर तेही कायम होणार होते.

मुआयन्याचा विषय होता प्रिपोझिशन. मराठीत ‘डोक्यावर’ म्हणताना ‘वर’ मागून येतो; इंग्रजीत तो शब्द आधी येतो. शिवाय टोपी डोक्यावर असते ती ऑन, आणि कावळा डोक्यावरून गेला तर ओव्हर. मी याची यादी करून छडीने पाठ करून घेई. वर्गाचा घोष रस्त्यापर्यंत जाई. लोकांना वाटे, काय विद्वान मास्तर आहे! मलाही तसेच वाटे.

युसूफ मास्तर पोरांना टेबलाखाली घालत, बाकावर चढवत, लिंबाभोवती पळवत, आणि काय करतोय ते इंग्रजीत बोलायला लावत.

“काय मास्तर, शाळा आहे का दरवेश्याच्या अस्वलाचा खेळ?” मी सगळ्यांसमोर विचारले.

ते हसले. “तुमचे अस्वल बसून पाठ करून राहिले, माझे नाचून राहिले. अस्वलं दोन्हीबी, मास्तरसाब.”

हेडमास्तरांनी मला बोलावले. “उद्या तुमचा वर्ग दाखवायचाय. एक तरी पोरगं बोलते का?”

“यादी पाठ आहे.”

“पाठ तर पोपटबी म्हणते!”

त्या काळी शाळांत एक रीत होती. मुआयन्याला दाखवायच्या वर्गात दुसऱ्या वर्गाची हुशार पोरं उसनी बसवायची. मी म्हणालो, “युसूफची पोरं माझ्याकडे बसवू. माझी त्याच्याकडे.”

“आन् त्याचं काय?”

“हंगामी माणूस. होईल पुढच्या खेपेला.”

युसूफ मास्तरांनी एवढेच विचारले, “मुआयन्याचे साहेब माझ्या वर्गात आले तर?”

“येत न्हाईत,” हेडमास्तर म्हणाले. “एक वर्ग पाहतात आन् जेवायला उठतात. कायले घाबरता?”

साहेब माझ्या वर्गात आले. काठी टेबलाखाली ठेवली, खिडकीत ठेवली, दारामागे लपवली. काठी कुठे आहे ते पोरं प्रत्येक वेळी इंग्रजीत बराबर सांगत गेली. साहेब खूश. इतके खूश की जेवण विसरले. “अब दूसरी जमात दिखाओ.”

दुसरी जमात म्हणजे युसूफ मास्तरांचा वर्ग; तिथे माझी पोरं बसली होती. साहेबांनी एकाला इंग्रजीत विचारले, तुझी टोपी कुठे आहे? टोपी त्याच्या डोक्यावरच होती. त्याने डोळे मिटले आणि सुरात सुरू केले, “इन, इन्टू, ऑन, अपॉन...” सगळ्या वर्गाने त्याला साथ दिली. माझी शिस्त चांगली होती.

“ये तोते किसने पाले?” साहेब गरजले.

युसूफ मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी साहेबांच्या मागे दारात उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरले असते. मी भिंतीवरचा नकाशा पाहू लागलो.

“मैंने, हुज़ूर,” युसूफ मास्तर म्हणाले.

मला शाबासकी मिळाली आणि त्यांना घरी बसवले. माझी कीर्ती ती एवढी. हेडमास्तर मात्र नंतर एकदा म्हणाले, “चांगला माणूस होता हो.” चांगला होता हे त्यांना मुआयन्याच्या आदल्या दिवशीही ठाऊक होते.

पुढे कळले, युसूफ मास्तर वसमतला बांगड्यांच्या दुकानात बसतात. मी मोटारीने गेलो. काय बोलायचे ते वाटेत मराठीत जुळवले, उर्दूतही जुळवले. त्यांनी मला गादीवर बसवले, चहा मागवला.

“पोरं बोलून राहिले का इंग्रजी, मास्तरसाब?”

“व्हय,” मी म्हणालो. तेही खोटेच.

दुसऱ्याची पोरं आपल्या बाकावर बसवून कोणी मास्तर होत नाही. हे कळायला मुआयना लागत नाही, लाज लागते. ती मला होती. फक्त तोंडापर्यंत येत नव्हती. चहा संपला. ते मला मोटारीपर्यंत पोचवायला आले. गाडी सुरू झाली तेव्हा मी खिडकीतून वाकलो आणि म्हणालो, “युसूफ मास्तर, त्या दिवशी...”

“काय म्हणता?” त्यांनी कानाला हात लावला.

“काही नाही,” मी म्हणालो. “चहा छान होता.”