अंगठ्याखालची नाडी

पट्टीताई मुळातच भित्री. नाव वस्तीनं दिलेलं, कारण ती आरोग्य केंद्रातून निघून घरोघरी जायची आणि जखमांच्या पट्ट्या बदलायची. भित्रेपणा मात्र तिचा स्वतःचा, अगदी जन्मापासूनचा. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी रक्त बघून ती अशी आडवी झाली, की पेशंटनंच उठून तिला पाणी पाजलं होतं.

"जखमेला घाबरणारी नर्स म्हणजे कांद्याला घाबरणारा आचारी," असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. तो कुलपं दुरुस्त करायचा आणि जिभेला कुलूप लावायचं तेवढं विसरायचा. सासूबाई मात्र सुनेच्या बाजूनं उभ्या राहायच्या. "घाबरते म्हणून हात धुते. तू तसाच येऊन ताटावर बसतोस."

सासूबाईंचं खरं होतं. कुणाचीही पट्टी सोडायची म्हटलं की ताईच्या पोटात गोळा यायचा. खाली काय दिसेल? पू? काळं पडलेलं कातडं? म्हणून ती सावकाश सोडायची, वास घ्यायची, जखमेच्या कडा निरखायची, रात्री झोप लागली का हेही विचारायची. तिच्या हातून फारसं काही बिघडत नसे, ते हुशारीपेक्षा या धास्तीमुळेच.

पद्धत मात्र सगळी जुन्या वळणाची. जखम कसलीही असो, झोंबणारं औषध ओतायचं आणि वर कोरडं गॉज दाबायचं. दुसऱ्या दिवशी ते गॉज नव्या कातडीसकट ओढून निघायचं. पेशंट कळवळला की औषध लागू पडलं, असंच सगळ्या नर्सेसना वाटायचं. मग केंद्रात प्रशिक्षण सुरू झालं. शिकवणाऱ्या बाई शांत, हळू आवाजाच्या. जखम साध्या पाण्यानं धुवा, ओलसर ठेवा, असं त्यांनी सांगितलं. शिरांमध्ये रक्त साचून पाय सुजतात आणि घोट्यापाशी वर्षानुवर्षं न भरणारी जखम होते, त्या पायाला दाबपट्टी कशी बांधायची तेही शिकवलं. पावलापासून गुडघ्यापर्यंत, एकसारखा ताण देत.

आणि जखमा खरंच भरायला लागल्या. ज्यांनी आशा सोडली होती ते लोक वाटेत थांबवून पाय दाखवू लागले. केंद्रातले डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "पट्टी बांधावी तर ताईनं." ताई हरभऱ्याच्या झाडावर चढली. पोटातला गोळा कधी विरघळला ते तिला कळलंसुद्धा नाही. घरी ती नवऱ्यालाच उलट टोमणे मारायला लागली, आणि तो बिचारा गप्प बसायला लागला.

अशात इस्त्रीवाल्या काकूंची पाळी आली. काकू एकट्याच राहायच्या, वरच्या मजल्यावर. खाली त्यांचं इस्त्रीचं दुकान. सकाळपासून उभं राहायचं, तेव्हा कुठे चूल पेटायची. पाय म्हणजेच त्यांचं सगळं. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला त्यांना जखम झाली होती, छोटीशीच, पण हट्टी. त्या दिवशी ताई जिना धावत चढली, कारण पुढच्या घरीही वाट बघत होते. पट्टी बांधण्याआधी पावलावरची नाडी बघायची हे तिला ठाऊक होतं. तिनं अंगठा टेकवला. ठोके धडधडत होते, अगदी खणखणीत. "छान आहे," ती म्हणाली, आणि घट्ट दाबपट्टी बांधून मोकळी झाली.

"दुखेल थोडं काकू. पण आठवडाभर सोडायची नाही हं. सोडलीत तर माझ्याशी गाठ आहे."

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाचा पुढचा वर्ग होता. बाई सांगत होत्या, "पायाची नाडी दोन बोटांनी बघायची. अंगठा वापरायचा नाही. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. त्यात तुम्ही जिना चढून आला असाल, तर पेशंटची म्हणून स्वतःचीच नाडी मोजाल."

वर्ग हसला. ताईनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"ज्या पायात मुळात रक्तच कमी उतरतंय, त्याला दाबपट्टी बांधली तर आहे तेही बंद होतं," बाई पुढे म्हणाल्या. "अशानं पाय जातो."

ताई उभी राहिली.

"बाई, मला जायला हवं."

"आत्ता? कुठे?"

"मी अंगठा वापरलाय."

आता कुणी हसलं नाही. बाईंनी खडू ठेवला, रक्ताचा आवाज ऐकायचं छोटं यंत्र पिशवीत टाकलं आणि तिच्यासोबत निघाल्या.

रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी संपता संपेना. ताईच्या डोळ्यांसमोर काळी बोटं येत होती. आपल्याला कामावरून काढतील हेही मनात येऊन गेलं, आणि अशा वेळी आपल्याला हे सुचतं म्हणून तिला स्वतःची लाज वाटली. इस्त्रीचं दुकान बंद दिसलं तेव्हा ती जिन्याकडे धावतच सुटली.

वर काकू खुर्चीत बसल्या होत्या. पट्टी बांधलेला पाय खाली लोंबत सोडलेला. डोळे रडून नव्हे, जागून सुजलेले.

"रात्रीची अशीच बसते," काकू म्हणाल्या. "आडवी झाले की पायात कळ येते. खाली सोडला की जरा बरं वाटतं."

ताईनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. वरून येणारं रक्त अपुरं असलं की पाय असा खाली सोडावासा वाटतो, हे त्यांनी तासाभरापूर्वीच शिकवलं होतं.

"एवढं दुखत होतं तर पट्टी का नाही सोडली, काकू?"

"तूच म्हणालीस ना, सोडायची नाही."

ताईनं कात्री घेतली आणि पट्टी कापली. पाऊल गार होतं. करंगळी काळीनिळी पडली होती. तिनं दोन बोटं पावलावर टेकवली, थोडी सरकवली, पुन्हा टेकवली. काहीच नाही. बाईंनी यंत्र लावलं, तेव्हा कुठे एक बारीक सरसर ऐकू आली, लांबच्या अंगणात कुणी झाडत असल्यासारखी.

"गाडी बोलवा," बाई म्हणाल्या.

"माझा पाय राहील ना?" काकूंनी विचारलं. बाईंना नाही, ताईला.

"माहीत नाही, काकू. चूक माझी झाली. मी तुमची नाडी बघितलीच नाही. माझीच बघितली."

काकूंनी वाकून करंगळीला हात लावला. "म्हणजे मी कळ काढली ती उगाच?"

"हो."

मोठ्या रुग्णालयात काकूंची चोंदलेली रक्तवाहिनी मोकळी केली. पाय वाचला, करंगळी गेली. ताईनं डॉक्टरांना सगळं स्वतःहून सांगितलं. त्यांनी तिला कामावरून काढलं नाही, पण "पट्टी बांधावी तर" हे पुन्हा कधी म्हटलं नाही. पट्टी सोडतानाची तिची जुनी धास्ती परत आली. नवऱ्यानं थट्टा करणं बंद केलं, आणि त्यानं तर ती आणखीनच घाबरली. सगळ्यात जास्त भीती तिला काकू घरी परत येण्याची होती.

काकू आल्या आणि केंद्रात निरोप आला, पट्टीताईलाच पाठवा.

ती जिना एकेक पायरी थांबत चढली. दारात घुटमळली.

"ये की आत. चप्पल काढायला मुहूर्त बघतेस?"

"काकू, तुम्हाला हवं असेल तर मी दुसऱ्या सिस्टरना पाठवते."

"मी रागावलेय तुझ्यावर," काकू शांतपणे म्हणाल्या. "अजून पुष्कळ दिवस रागावणार आहे. करंगळी काय परत यायची नाही. पण दुसरी नको मला. तिची चूक अजून व्हायचीय."

ताई खाली बसली. जुनी पट्टी सावकाश सोडली, वास घेतला, कडा बघितल्या. जखम लाल आणि स्वच्छ होती. मग तिनं दोन बोटं पावलावर टेकवली.

"लागली का?" काकूंनी विचारलं.

"लागली."

"माझीच ना?"

दुसऱ्या हाताची बोटं ताईनं स्वतःच्या गळ्याला लावली आणि दोन्हीकडचे ठोके एकाच वेळी मोजत राहिली. गळ्यातले सुसाट धावत होते. पावलावरचे आपल्या चालीनं, सावकाश येत होते.

"तुमचीच," ती म्हणाली.