रूळ आणि राब

थोरल्या काकांचा राग मी सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही. मुरबाडजवळ आमच्या गावात ते मास्तर होते. पोर हुशार की ढ, हे ते रेघा मारायच्या लाकडी रुळावर ठरवत. रूळ वर उभा धरायचा, पोराने खाली बोटं उघडी ठेवायची, आणि न सांगता सोडून द्यायचा. पकडला तर हुशार. काय तो तोरा त्या परीक्षेचा!

भावाने झटकन पकडला. माझ्या हातातून तीनदा निसटला. मी आठ वर्षांची, तो अकराचा, एवढंही त्या शहाण्याला दिसलं नाही. मला तिसापर्यंत पाढे येत होते, भावाला बाराच्या पुढे घाम फुटे. तरी काकांनी वडिलांना सांगितलं की पोरीचं डोकं मंद आहे, तिला घरी बसवा. भाऊ कल्याणला शिकायला गेला आणि माझ्या डोक्यावर शेणाची पाटी आली.

पुढे लग्न होऊन मी शेणव्याला गेले. एका वैशाखात माहेरी आले, तेव्हा काका सत्तरीला टेकले होते आणि शेती भाऊ बघत होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून पाला-शेणाचा राब अंथरला होता. तो कुठल्या अंगाने पेटवायचा, हे दरवर्षी काका सांगत. भावाने विचारलं. काका वाऱ्याकडे बघत गप्प उभे राहिले.

भावाला कुठला दम! त्याने घरातून तोच रूळ आणला आणि गड्यांसमोर काकांच्या हातावर सोडला. बोटं मिटेपर्यंत रूळ मातीत पडला होता. गडी हसले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

"काकांचं डोकं संपलं," भाऊ म्हणाला, आणि वारा येत होता त्याच अंगाने काडी लावली. राब वाऱ्याच्या उलट, सावकाश जळावा लागतो, तेव्हा खालचं तणाचं बी मरतं. कल्याणला शिकलेल्याला हे कोण सांगणार? जाळ सरसर पळाला, वरचा पाला जळाला, माती गारच राहिली. त्या वर्षी भातापेक्षा तणच जास्त उगवलं.

त्या दिवशी जाळ विझल्यावर काका माझ्याशेजारी बांधावर बसले. म्हणाले, "मला समजत होतं गो. सांगणारच होतो. कोण थांबला नाय."

मी रूळ उचलला, माती पुसली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मला पण समजत होतं, काका. मी आठ वर्षांची होते."

मी वाट बघत बसले. उत्तर आलंच नाही, आणि ते काही वयामुळे नव्हे.