चांदीच्या खाणीची पोथी

माझं कॉलेज लग्नाने एका वर्षातच आटपलं, पण त्या वर्षातली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी ट्रंकेतून माझ्यासोबत सासरी आली. सासर पिंपरीजवळच्या गावात, शेतकऱ्यांचं घर. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. दुपारी धान्य निवडताना मी ती कादंबरी सासूबाईंना मराठीत सांगू लागले. समुद्रापलीकडचा एक देश, तिथल्या डोंगरात चांदीची खाण, खाणीत परक्यांचा पैसा आणि त्या पैशाच्या तालावर नाचणारी सरकारं. सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणे, त्याची भलतीच गोडी लागली. कोण लबाड आणि कोण साधा, हे त्या माझ्याआधी ओळखत.

त्याच सुमारास गावाभोवती कारखाने येऊ लागले. एका कंपनीच्या दलालाची नजर आमच्या विहिरीजवळच्या शेतावर पडली. ते शेत आत्याबाईंना त्यांच्या वडिलांनी दिलेलं, त्यांच्याच नावावर होतं. शेत दिलं तर त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कंपनीत नोकरी मिळणार होती. सासरे कागद घेऊन आले तेव्हा आत्याबाई हातातलं सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "घरात पोथी लागलीय. समाप्ती हुईस्तोवर अंगठा न्हाई."

पोथी लागली की संपेपर्यंत घरातलं काही विकायचं नाही, ही त्या घराची रीत. सासरे चमकले. "इंग्रजी पोथी?"

"मंग? ऐकायला मराठीच हाय की."

देवाधर्माला भिणाऱ्या त्या माणसाने कागद घडी करून परत नेले. मला इतकं हसू फुटलं की मी चुलीकडे पळाले. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई पुस्तकाला हळदकुंकू वाहून, हात जोडून ऐकायला बसू लागल्या.

मग मीही कंबर कसली. एका दुपारी संपणाऱ्या प्रकरणाला आठवडा लावू लागले. तरी पुस्तक संपलंच, तेव्हा मनानेच प्रकरणं रचली. खाणवाल्याला मी एक भांडखोर मेहुणासुद्धा देऊन टाकला. दलाल येई आणि चहा पिऊन जाई. नवरा मात्र दिवसेंदिवस घुमा होत चालला. त्याला कारखान्यात जायचं होतं. मला त्याचा राग येई आणि त्याच्याकडे बघून वाईटही वाटे.

एका दुपारी मेहुण्याची हकिगत ऐन रंगात आली असताना आत्याबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "पोरी, तू पान उलटायचं कवाच सोडलंयस."

मी ओशाळले. त्या रागावल्या मात्र नव्हत्या.

"खरं सांग, शेवटाला खाणीचं काय झालं?"

"खाण राहिली, आत्याबाई. तिच्यापायी घरातली माणसं एकमेकांना परकी झाली."

ओसरीवर त्यांचा मुलगा आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"माझं पोरगं बी माझ्याशी बोलंना झालंय," त्या म्हणाल्या. "कर समाप्ती."

त्यांनी त्याच शेतातल्या गव्हाचा रवा काढून शिरा केला. पुस्तकाला नैवेद्य दाखवला, कागदावर अंगठा उठवला आणि पहिला घास मुलाला स्वतः भरवला.

"ग्वाड झालाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

घास तोंडात तसाच धरून तो कागदावरच्या अंगठ्याकडे बघत राहिला.