बायकांच्या मांडवाची दुसरी वाट

आमच्या गावच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीचं निवेदन मी करतो. यंदा यात्रा कमिटीत पहिल्यांदाच बायका घेतल्या, त्यात माझी बायकोही होती. पहिल्याच बैठकीत तिनं विचारलं, "बायकांच्या मांडवाला एकच फाटक. पळायची वेळ आली तर पोरंबाळं घेऊन जायचं कुठून?"

"आजवर कधी काय झालंय का वहिनी?" एकजण म्हणाला.

"मग व्हायची वाट बघायची का?"

ती हटली नाही. मांडवामागची तारेची जाळी तिनं काढायला लावली. पलीकडे हरभरा काढलेलं आमचंच रान होतं. तिथं आडव्या लागलेल्या रसवंत्याही हलवल्या.

शर्यतीच्या दिवशी भर दुपारी वावटळ आली आणि मांडवाचं कापड टर्रकन फाटलं. कोणीतरी ओरडलं, "मांडव पडला!" सगळ्या बायका फाटकाकडे धावल्या. स्टेजवरून मला दिसत होतं, पुढच्या बायका फाटकाच्या लोखंडी पाइपला चेपल्या जात होत्या आणि मागच्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

बायको स्टेजखाली आली. म्हणाली, "ओरडू नका. रोजच्यासारखं बोला. आन् पुढच्यांना नाय, मागच्यांना सांगा."

मी माइक धरला. "मंडळी, मांडव जागेवर हाय, नुसतं कापड फाटलंय. मागच्या आयाबहिणींनो, जरा तोंड फिरवा. तुमच्या मागं मोकळं रान हाय. सावकाश चला, आज बैलबी एवढी घाई करंनात."

कोणीतरी हसलं. मग बऱ्याचजणी हसल्या. बायकोच्या बचत गटातल्या बाया रानाच्या तोंडाशी उभ्या राहून हात हलवत होत्या. मागची गर्दी तिकडं वळली, तसा फाटकावरचा रेटा सैल झाला. पाइपला टेकलेली एक पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन मोकळी झाली. बाळ झोपलेलंच होतं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

वारा पडल्यावर शर्यती पुन्हा सुरू झाल्या. बायकांना मांडवात बोलावलं, तर एकही येईना. रानाच्या उंच बांधावरून गाडे पळायचा अख्खा चढ, आमचा घाट, दिसत होता. एक म्हातारी मावशी पाय पसरून म्हणाली, "लोकांच्या पाठी बघून लई वर्सं गेली. आज बैल दिसलं. आमी हितनं उठत न्हाई."

पुढच्या गाड्याची बारी सुटली. बैल घाट चढू लागले आणि बांधावरून एक कडक शिट्टी आली. वळून बघतो तर माझी बायको. तिला शिट्टी वाजवता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.