पाटणादेवीला नेलेलं पाकीट

दिवाळीनंतर तुमचा फोटो आला. मागे बर्फाचा डोंगर, पुढे तुम्ही दोघं. धाकट्याचे केस खांद्यापर्यंत आलेले. खाली थोरलीने विचारलं होतं, आजी, तुमच्याकडे बघण्यासारखं काय काय आहे?

तुम्ही राहता तो देशच डोंगरांचा. तुम्हाला आमच्या सातपुड्याचं काय कौतुक सांगायचं, असं आधी वाटलं. तरी मी वही काढली आणि पान आखलं: ठिकाण, जळगावहून लागणारा वेळ, पायऱ्या, सावली, पिण्याचं पाणी. तुमचे आजोबा म्हणायचे, हिच्याबरोबर सहलीला जाणं म्हणजे शाळा तपासणीला जाणं. थंड हवेचं पाल लिहिलं, मनुदेवीचा धबधबा लिहिला, उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला. पाचवं नाव पाटणादेवी. तिथे हात थांबला. ते बघायचं ठिकाण नव्हतं, ते राहून गेलेलं काम होतं.

धाकट्या, तू दिवस भरायच्या आधी जन्मलास. काचेच्या पेटीत ठेवलंय, एवढंच तुझ्या बाबाने फोनवर सांगितलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. तिथूनच पाटणादेवीला बोलले की बाळाला तुझ्याकडे घेऊन येईन, पहिलं जावळ तुझ्यासमोर काढीन. आपल्या घरात मुलाच्या केसांना त्याआधी कात्री लावत नाहीत. पण तुम्हाला येता आलं नाही, तुझे केस डोळ्यांवर यायला लागले, आणि शेवटी तुझ्या आईने ते तिथल्याच दुकानात कापून घेतले. बिचारीने एक बट जपून पाकिटात घालून मला पाठवली. वर 'कागदपत्रं' असं लिहिलं होतं. केस लिहिलं असतं तर कुणी उघडून बघितलं असतं, अशी तिला भीती. मी ते पाकीट कपाटात ठेवलं. तुम्ही आलात की पाटणादेवीला जायचं, हे ठरलेलं. तुम्ही दोनदा आलात. एकदा लग्न होतं, एकदा तुमचा बाबा तापाने पडला. दर वेळी तो म्हणाला, पुढच्या खेपेला नक्की.

या डिसेंबरला येणार होतात. मग फोन आला की जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर घरात फक्त फ्रिजचा आवाज होता. पाहुण्यांच्या खोलीत चार गाद्या ऊन दाखवून घालून ठेवल्या होत्या, त्या पुन्हा गुंडाळल्या. पाकीट मात्र परत कपाटात ठेवावंसं वाटेना. मी आता किती वर्षं पायऱ्या चढू शकेन, आणि हा नवस माझ्यानंतर कुणाच्या गळ्यात पडेल, हे दोन प्रश्न होते. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत होतं. धाकट्या, तुझ्याच.

म्हणून एका मंगळवारी सकाळच्या गाडीने चाळीसगावला गेले आणि तिथून रिक्षाने पाटणादेवीला. गाव मागे पडलं की डोंगर तिन्ही बाजूंनी जवळ येतात. डिसेंबरात कड्यावरचा धबधबा दोऱ्याएवढा उरतो, पण जंगल अजून हिरवं असतं. देऊळ काळ्या दगडाचं, उंच जोत्यावर. पायऱ्या मी चार वेळा थांबून चढले. थोरले, हे तुझ्यासाठी: गणित शिकवणाऱ्या एका मोठ्या घराण्याचं नाव या जागेशी जोडलेलं आहे. इथल्या शिलालेखात लिहिलंय की नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला.

देवीपुढे पाकीट हातात घेऊन उभी राहिले आणि पुढे काय करायचं ते सुचेना. मूल नाही, आत्या नाही, न्हावी नाही. इतकी वर्षं सगळी तयारी मनात पाठ होती, पण ती तुम्हा सगळ्यांना धरून. एकटीने करायची रीत मला कुणी सांगितलीच नव्हती. तशीच खाली उतरले.

खाली झाडाखाली धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याकडचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांच्याकडेही जावळ. मूल आत्याच्या मांडीवर आकांत करत होतं, न्हावी हसत होता, बाजूला गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेच्या बट्ट्या भाजत होत्या. मी थोडी लांब बसून बघत राहिले. आत्याने केस पदरात झेलले, कणकेच्या गोळ्यात भरले आणि देवळाखालच्या नदीत सोडले.

त्यांच्यातली म्हातारी, सगळे तिला अक्का म्हणत होते, माझ्याकडे आली. "एकलीच उनी का, माय?"

मी नुसतं हो, एकटीच आले, म्हणणार होते. पण इतक्या दिवसांत माझ्या तोंडाकडे बघून कुणी काही विचारलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. पाकीटही दाखवलं. शेवटी विचारलं की नातू आलाच नाही, तर नवस फिटतो का?

तिने पाकिटावरचं परदेशी तिकीट बोटाने चाचपलं. म्हणाली, "केस उनात ना? मंग नातू उना समज." केस आले म्हणजे नातू आला, तिचा हिशोब सरळ. उठून तिने परातीतला बट्ट्यांच्या कणकेचा गोळा तोडला आणि माझ्या हातात दिला.

केस फार मऊ होते. पाण्याजवळ जरा वेळ बोटांत धरून ठेवले. मग कणकेत भरले, गोळा मिटला आणि सोडला. तो एका दगडाला अडला, फिरला आणि गेला.

त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पंगतीत अक्काच्या शेजारी बसले. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. तिने माझ्या बट्टीवर तुपाची धार धरली आणि सुनेला म्हणाली की शहरातली माणसं जेवत नाहीत, नुसता वास घेतात. मी दुसरी बट्टी मागून घेतली. त्यांचा टेम्पो निघाला तेव्हा मूल अक्काच्या खांद्यावर झोपलं होतं, डोकं हळदीने पिवळं. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी रिक्षात बसले नाही.

घरी आल्यावर वहीच्या मागच्या, राहिलेल्या कामांच्या पानावरून पाटणादेवी खोडली आणि तुमच्या पानावर पाचवी ओळ पूर्ण केली: चाळीसगावपर्यंत रेल्वे, पुढे रिक्षा. पायऱ्या बऱ्याच, तुम्हाला काहीच नाहीत. सावली भरपूर. पाणी घरून न्यावं.

तेव्हा धाकट्या, तुझ्यावर आता देवीचं काही राहिलेलं नाही. केस हवे तेवढे वाढव. कधी आलात तर यायलाच हवं होतं म्हणून येऊ नका, बघायला या. पावसाळ्यानंतर लगेच आलात तर धबधबा मोठा असतो. नाही जमलं तर डिसेंबरही चालेल. गाद्यांना मी तेव्हाही ऊन दाखवीनच.